‘फ्लेमप्रूफ केबल’ नावाची वस्तू दुकानात मिळत नाही

परचेसवाल्यांचा फोन साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. गाळप हंगाम तोंडावर, ऑफ सिझनची कामं अर्धवट, आणि इंडेंटवर, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रावर, कुणीतरी एवढंच लिहिलेलं, "फ्लेमप्रूफ केबल, ३०० मीटर, डिस्टिलरीसाठी." मग मी विचारतो किती कोअर (आतल्या तारा), किती स्क्वेअर (तारेची जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये), कॉपर का ॲल्युमिनियम, आर्मर (वरचं धातूचं चिलखत) कसलं, तर पलीकडून उत्तर, "साहेब ते तुम्हीच बघा, पण फ्लेमप्रूफ पाहिजे म्हणालेत."

आता फ्लेमप्रूफ हा शब्द डब्याला लागतो, केबलला लागत नाही. फ्लेमप्रूफ मोटर असते, फ्लेमप्रूफ जंक्शन बॉक्स असतो, फ्लेमप्रूफ ग्लँडसुद्धा (केबल डब्यात शिरते तिथली पकड) असते. त्या डब्याचा अर्थ असा की आत गॅस शिरला, आत ठिणगी पडली, आतल्या आत स्फोट झाला तरी डबा फुटत नाही आणि जाळ बाहेर येत नाही, कारण झाकणाच्या फटीतून बाहेर पडेपर्यंत तो थंड होऊन विझतो. केबल असलं काहीच करत नाही. त्यामुळे केबलला मोटरीसारखं एक्स सर्टिफिकेट (स्फोटक वातावरणात चालेल असा दाखला) नसतंच, आणि कुणी डीलर "ही आमची फ्लेमप्रूफ केबल" म्हणून महाग भावात विकत असेल तर त्याला शांतपणे विचारा, सर्टिफिकेट दाखवा. बहुतेक वेळा तो एफआरएलएस केबल दाखवतो, जी पूर्ण वेगळी गोष्ट आहे, तिच्याकडे नंतर येतो.

साखर कारखान्याचं उदाहरण घेतो, कारण एकाच कंपाऊंडमध्ये दोन्ही जगं आहेत. गव्हाण, मिल, बॉयलर, पॅन हा साधा पण खडतर एरिया, आणि भिंतीपलीकडे डिस्टिलरी, जिथे हवेतच दारू असते. शिवाय मधे साखरेचं गोदाम आणि ग्रेडर (साखर चाळून दाण्यांप्रमाणे वेगळी करणारं यंत्र) आहे, ज्याला सगळे साधा एरिया समजतात आणि तो तसा नाही.

आधी साध्या एरियाचं बघू, कारण केबल निवडायचे मूळ हिशोब तिथलेच आणि डिस्टिलरीत तेच हिशोब पहिले करायचे असतात.

केबलवर छापलेलं असतं ए२एक्सएफवाय. हे वाचता आलं की अर्धी लढाई जिंकली. पहिलं ए म्हणजे ॲल्युमिनियम (कॉपर असेल तर अक्षरच नसतं, सरळ पुढून सुरुवात), २एक्स म्हणजे आतलं इन्सुलेशन एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक), एफ म्हणजे लोखंडी पट्टीचं आर्मर, शेवटचं वाय म्हणजे बाहेरचं पीव्हीसी आवरण. एफच्या जागी डब्ल्यू असेल तर गोल तारेचं आर्मर. २एक्सच्या जागी वाय असेल तर इन्सुलेशन पीव्हीसी. पीव्हीसीवाली केबल आयएस १५५४ खाली येते, एक्सएलपीईवाली आयएस ७०९८ खाली, आणि आयएसआय मार्क दोन्हीवर बघायचाच.

पीव्हीसी का एक्सएलपीई? दुकानदार सांगतो एक्सएलपीई "चांगली". चांगली म्हणजे काय ते आकड्यात बघा. पीव्हीसीचा कंडक्टर कायम ७० डिग्रीपर्यंत तापलेला चालतो, एक्सएलपीईचा ९० पर्यंत. कॅटलॉगमधला करंट ४० डिग्री हवा धरून दिलेला असतो. आता बॉयलर हाऊसच्या वरच्या प्लॅटफॉर्मवर, स्टीम लाईनच्या शेजारच्या ट्रेमध्ये, एप्रिलच्या दुपारी ५५ डिग्री सहज असतं. पीव्हीसीला ४० वरून ७० पर्यंत तापायला ३० डिग्रीची मोकळीक होती, ती राहिली १५. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते म्हणून १५ भागिले ३० चं वर्गमूळ काढा, ०.७ येतं. म्हणजे १०० अँपियरची केबल तिथे ७० चीच. एक्सएलपीईला ५० डिग्रीची मोकळीक होती, उरली ३५, वर्गमूळ ०.८४, म्हणजे १०० ची ८४ राहिली. गार जागेत दोघींमधला फरक तसा थोडाच, उष्णतेत मात्र पीव्हीसीचा दम जातो. आणि त्याच ट्रेवर बाकीच्या दहा केबल एकावर एक टाकल्या असतील तर अजून कमी करा, म्हणूनच ट्रेवर केबल मधे जागा सोडून मांडा असं मी सांगत असतो आणि कोणी ऐकत नसतं.

दुसरा हिशोब लांबीचा. ५० एचपीची मोटर, पॅनेलपासून १५० मीटर लांब. फुल लोड करंट साधारण ६५ अँपियर. ३५ स्क्वेअरची ॲल्युमिनियम एक्सएलपीई एवढा करंट आरामात वाहते, तापमानाचा प्रश्न नाही, पण व्होल्टेज ड्रॉप काढला तर जवळजवळ १७ व्होल्ट येतो, म्हणजे ४१५ च्या ४ टक्के. ५० स्क्वेअर टाकली तर तोच ड्रॉप साडेबारा, ३ टक्के. आणि ही मोटर डीओएल, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर, स्टार्ट केली तर सुरुवातीला सहापट करंट ओढते, त्या क्षणी ३५ स्क्वेअरवर ४० व्होल्ट पडतात, आणि त्याच वेळी ट्रान्सफॉर्मरवर लोड असेल तर मोटर नुसती घुमते, उचलत नाही, आणि मग वायरमन मोटरीला शिव्या घालतो. लांब केबलचा साईज करंटवर नाही, ड्रॉपवर ठरतो.

तिसरा हिशोब बहुतेक जण करतच नाहीत, तो शॉर्ट सर्किटचा. समजा पॅनेलपाशी १० केए (१०,००० अँपियर) फॉल्ट करंट आहे आणि ब्रेकर तोडायला ०.२ सेकंद घेतो. तेवढ्या वेळात केबल जळता कामा नये. करंट गुणिले वेळेचं वर्गमूळ, त्याला एका ठराविक आकड्याने भागायचं, हा आकडा ॲल्युमिनियम एक्सएलपीईला ९४ आणि ॲल्युमिनियम पीव्हीसीला ७६. उत्तर येतं ४८ आणि ५९. म्हणजे एक्सएलपीई ५० स्क्वेअर चालेल, पीव्हीसी ७० लागेल. मागे एचआरसी फ्यूज असेल तर तो इतक्या पटकन तोडतो की बारीक केबलही वाचते. ब्रेकरचा टाईम डिले वाढवताना मात्र कुणाला केबल आठवत नाही.

आर्मरबद्दल एकच गोष्ट सांगतो पण ती पक्की लक्षात ठेवा. सिंगल कोअर केबल एसीवर वापरायची असेल, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून पॅनेलपर्यंतच्या त्या जाड ३००, ४०० स्क्वेअरच्या, तर तिला लोखंडी आर्मर चालत नाही. एका कोअरच्या भोवती लोखंडाची गुंडाळी म्हणजे ते स्वतःच तापणारं यंत्र झालं. तिथे ॲल्युमिनियमचं आर्मर लागतं, आणि पॅनेलची ग्लँड प्लेटसुद्धा लोखंडी चालत नाही. तीन किंवा साडेतीन कोअरमध्ये (साडेतीन म्हणजे तीन फेज आणि एक बारीक न्यूट्रल) तिन्ही फेज एकत्र असल्याने चुंबकत्व एकमेकांना मारतं, तिथे जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचं) आर्मर ठीक. कारखान्यात तर आर्मर पाहिजेच, एक तर ट्रॅक्टर-ट्रॉल्या ट्रेंचवरून जातात आणि दुसरं म्हणजे उंदीर. गोडाच्या कारखान्यात उंदीर किती असतात ते सांगायला नको.

ॲल्युमिनियम स्वस्त म्हणून सगळीकडे टाकायची हौस असते. जाड फीडरला हरकत नाही. पण ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा थर झटकन चढतो, दाबाखाली ते हळूहळू पसरतं, स्क्रू सैल पडतो, सैल जागी उष्णता होते. कॉपरच्या बसबारला जोडताना बायमेटॅलिक लग, पेस्ट, आणि बरोबर डायचं क्रिम्पिंग, हातोड्याने ठोकलेलं नाही. छोट्या साईजला, कंट्रोलला, हलणाऱ्या आणि थरथरणाऱ्या यंत्राला कॉपरच. डिस्टिलरीसाठी तर आयईसी ६००७९-१४ मध्ये सरळच लिहिलेलं आहे की ॲल्युमिनियम कंडक्टर वापरायचाच असेल तर १६ स्क्वेअरपेक्षा बारीक नको (इन्ट्रिन्सिकली सेफ सोडून) आणि त्याला साजेशी जोडणी हवी.

आता एफआरएलएस. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराईड सोडतं, पाण्याशी गाठ पडली की ते ॲसिड, आणि काळा धूर असा की एमसीसी रूमचं (मोटरींच्या स्टार्टर पॅनेलच्या खोलीचं) दार दिसत नाही. एफआर म्हणजे आग पुढे पसरू न देणारी केबल. एफआरएलएसमध्ये आग पसरत नाहीच, शिवाय धूर आणि ॲसिड गॅस कमी. तिच्या आवरणाचा ऑक्सिजन इंडेक्स किमान २९ मागतात, म्हणजे हवेत ऑक्सिजन २९ टक्के असेल तेव्हा ते जळत राहील, आणि आपल्या हवेत आहे २१ टक्के, म्हणून जाळ काढला की विझतं. झीरो हॅलोजनमध्ये ॲसिड गॅसचा प्रश्नच जवळजवळ नाही, ती कंट्रोल रूम, माणसं अडकू शकतील अशा जागांना. आणि आग लागल्यावरही चालू राहायला हवी अशी केबल, म्हणजे फायर पंप, इमर्जन्सी लाईट यांची, ती वेगळीच, आत मायका टेप असलेली, ९५० डिग्रीत तीन तास टिकते का ते तपासलेली. आता बघा, यातली कुठलीच केबल स्फोट थांबवत नाही. एफआरएलएस आग लागल्यानंतर कामाला येते, डिस्टिलरीतला प्रश्न आग लागण्याआधीचा आहे. दोन्ही पाहिजेत, पण एक घेतली म्हणजे दुसऱ्याची सोय झाली असं नाही.

चला भिंतीपलीकडे.

इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ डिग्रीच्या आसपास. महाराष्ट्रात एवढी थंडी फार थोड्या रात्री पडते, म्हणजे बाकी वर्षभर सांडलेल्या इथेनॉलवर पेट घेईल इतकी वाफ असतेच. हवेत साधारण ३.३ टक्क्यांपासून १९ टक्क्यांपर्यंत वाफ असली की ती पेटते. अजून एक विचित्र गोष्ट, पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की ऑक्सिजन कमी पडून ती सहसा पेटत नाही, पण इथेनॉलच्या टाकीत २५ डिग्रीला वाफ ८ टक्क्यांच्या जवळपास बसते, म्हणजे बरोब्बर पेटायच्या पट्ट्याच्या मधोमध. म्हणून पेट्रोल पंपाच्या अनुभवावरून इथेनॉलबद्दल अंदाज बांधू नका.

एरियाचे भाग पाडतात ते आयएस ५५७२ प्रमाणे. टाकीच्या आत, जिथे वाफ कायमच असते, तो झोन ०. व्हेंटच्या तोंडाशी, जिथे रोजच्या कामात अधूनमधून येणारच, तो झोन १. पंपाच्या सीलजवळ, फ्लँजजवळ, जिथे काही बिघडलं तरच आणि थोडा वेळ येईल, तो झोन २. हे नकाशावर काढलेलं असतं, आणि केबल निवडण्याआधी तो नकाशा मागा. माझा पहिला सल्ला कायम हाच असतो की केबलचा रस्ताच झोनच्या बाहेरून काढता येतो का बघा. स्टार्टर पॅनेल, जॉइंट, जंक्शन बॉक्स यातलं जे जे बाहेर ठेवता येईल ते बाहेर ठेवा, सगळ्यात स्वस्त सेफ्टी तीच. झोनमधून केबल नेलीच तर सलग न्या, मधे जॉइंट नको.

मग ट्रेंच. इथेनॉलची वाफ हवेपेक्षा दीडपटीहून जास्त जड, ती जमिनीवर बसते आणि उतार शोधत केबल ट्रेंचमध्ये उतरते. ट्रेंच म्हणजे तिच्यासाठी तयार पाईपलाईन, एका टोकाला डिस्टिलरी आणि दुसऱ्या टोकाला एमसीसी रूम, जिथे दिवसभर कॉन्टॅक्टर टकाटक ठिणग्या मारतायत. म्हणून झोनमधल्या ट्रेंच वाळूने भरतात आणि भिंतीतून केबल जाते तिथलं भोक नीट सील करतात. एका ठिकाणी (नाव सांगत नाही) ट्रेंचमधली वाळू नवीन केबल टाकताना उपसली आणि तशीच बाजूला ढीग करून ठेवली, दोन सिझन झाले तरी ढीग तिथेच, त्यावर गवत उगवलेलं. कागदावर सगळं फ्लेमप्रूफ.

आता केबलचं टोक, आणि खरा विषय इथेच आहे. फ्लेमप्रूफ डब्यात आत स्फोट झाला तर दाब बाहेर पडायला रस्ता शोधतो, आणि केबलच्या आत कोअरच्या मधे पोकळी असेल तर तो केबलमधूनच जातो, उसाचा रस नळीने ओढावा तसा. म्हणून डब्याला लागणारी केबल गोल, आतून ठासून भरलेली पाहिजे, फिलर पाणी न पिणारे, आणि आर्मरच्या आतलं इनर शीथ एक्सट्रूड केलेलं. हा शब्द लिहून ठेवा. आपल्या आयएस ७०९८ मध्ये इनर शीथ एक्सट्रूड केलेलं चालतं आणि नुसती प्लास्टिकची टेप गुंडाळलेलंही चालतं. तुम्ही लिहिलं नाही तर टेपवाली आली म्हणून तक्रार करता येत नाही, ती आयएसप्रमाणेच आहे. टेपच्या घड्यांवर ग्लँडचं रबर कधीच नीट बसत नाही. केबल आली की एक तुकडा कापून तोंड बघा, कोअरच्या मधे उजेड दिसला तर परत पाठवा.

केबल तीन मीटरपेक्षा आखूड असेल किंवा आतून भरलेली नसेल तर साधी रबर सीलवाली फ्लेमप्रूफ ग्लँड चालत नाही, बॅरियर ग्लँड लागते, जिच्यात प्रत्येक कोअरच्या भोवती कंपाऊंड भरून वाटच बंद करतात. काम किचकट आहे, हात चिकट होतात, कंपाऊंड सेट व्हायला वेळ लागतो, म्हणून फिटर टाळतात, तिथे उभं राहून करून घ्या. डबल कम्प्रेशन लिहिलेली प्रत्येक ग्लँड फ्लेमप्रूफ नसते हेही बघा, डबल कम्प्रेशन म्हणजे ती आर्मर आणि बाहेरचं आवरण दोन्ही पकडते एवढंच. ग्लँडवर सर्टिफिकेट नंबर कोरलेला असतो, आणि भारतात पेट्रोलियम, ज्वलनशील गॅसच्या जागांसाठी पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेची मान्यता लागते, त्यांचं हेड ऑफिस आपल्या नागपूरलाच. आटे किमान पाच पूर्ण बसले पाहिजेत. आणि डब्याला चार एन्ट्री असून तीनच केबल असतील तर चौथ्या भोकाला सर्टिफाईड मेटल प्लग. प्लास्टिकचं टोपण असतं ना, वाहतुकीत धूळ जाऊ नये म्हणून लावलेलं लाल रंगाचं, ते मी दहा दहा वर्षं तसंच लागलेलं बघितलंय, दीड लाखाच्या मोटरीवर. त्या मोटरीला मग फ्लेमप्रूफ म्हणण्यात अर्थ नाही.

इन्स्ट्रुमेंटच्या केबलचं गणित निराळं. इन्ट्रिन्सिकली सेफ सर्किटमध्ये करंटच इतका कमी ठेवतात की वायर तुटली, शॉर्ट झाली तरी ठिणगीत वाफ पेटवायची ताकद नसते. ती केबल ओळखू यावी म्हणून बहुधा फिकट निळी असते आणि पॉवर केबलपासून वेगळी न्यायची. पण केबल स्वतःही थोडी वीज साठवते, जितकी लांब तितकी जास्त. २८ व्होल्टच्या नेहमीच्या सेफ्टी बॅरियरवर (झोनमध्ये जाणारी वीज मर्यादेत ठेवणारा डबा) हायड्रोजनच्या गटासाठी ८३ नॅनोफॅरॅडची मर्यादा लिहिलेली असते. केबलची माहिती नसेल तर किलोमीटरला २०० नॅनोफॅरॅड धरतात. म्हणजे ४१५ मीटरला कोटा संपला, ट्रान्समीटरचा स्वतःचा हिस्सा तर अजून धरलाच नाही. म्हणून या केबलच्या डेटाशीटवरचा कपॅसिटन्स विचारा, नुसता रंग बघून घेऊ नका.

राहिलं साखरेचं गोदाम. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थला इम्पीरियल शुगरच्या रिफायनरीत ७ फेब्रुवारी २००८ ला साखरेच्या धुळीचा स्फोट झाला, १४ माणसं गेली. सुरुवात सायलोखालच्या झाकलेल्या कन्व्हेयरमध्ये, चौकशीत बहुधा तापलेलं बेअरिंग कारण ठरलं, पण खरा नाश झाला तो फरशीवर आणि वरच्या बीमवर वर्षानुवर्षं साठलेली धूळ पहिल्या धक्क्याने उडून पेटल्यामुळे. केबल त्यात गुन्हेगार नव्हती. पण ग्रेडरच्या वरच्या केबल ट्रेकडे एकदा शिडी लावून बघा. आडव्या ट्रेवर बोटभर साखर बसलेली असते, ती केबलला गोधडीसारखी गरम ठेवते, आणि वरून तीच इंधन. धुळीचे झोन २०, २१, २२ असे असतात. तिथे ट्रे शक्यतो उभा धरून लावा, म्हणजे धूळ बसत नाही, केबल कमी ठेवा, आणि झाडायची जबाबदारी कुणाची ते लिहून द्या. को-जनची (कारखान्याच्या वीजनिर्मिती विभागाची) बॅटरी रूमही अशीच विसरलेली जागा, चार्जिंगला हायड्रोजन निघतो, तो हलका, छताला जमतो, तिथे ट्रेंचऐवजी वरच्या भोकांची काळजी करा.

आता त्या इंडेंटवरचं "फ्लेमप्रूफ केबल" खोडून मी असं लिहून देतो: साडेतीन कोअर, ५० स्क्वेअर, ॲल्युमिनियम, एक्सएलपीई, आयएस ७०९८ भाग १, इनर शीथ एक्सट्रूडेड, गोल जीआय वायर आर्मर, बाहेरचं आवरण एफआरएलएस, ११०० व्होल्ट, ३०० मीटर एकाच ड्रमवर, जॉइंट चालणार नाही. खाली वेगळ्या ओळीत, ग्लँड पेसो मान्यतेच्या, केबलचा प्रत्यक्ष व्यास मोजून साईज कळवू. आणि त्याखाली मेटल स्टॉपिंग प्लग, १० नग. परचेसवाला म्हणतो एवढं कोण टाईप करणार, मी म्हणतो व्हॉट्सॲपवर पाठवलंय, कॉपी करा, फक्त ते प्लग कापू नका.